निळ्या पाण्यावरच्या सात रात्री

क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दहा-बारा मजल्यांची पांढरीशुभ्र बोट, वर पोहण्याचा तलाव, आत नाचगाणी, दुकानं, आणि हजारो माणसं. सिनेमात पाहिलेलं. ‘हे काही आपल्यासाठी नाही बाई,’ असं म्हणून आपण चॅनल बदलतो. मीही तेच म्हणत होते. पण मैत्रिणींनो, बोटींची एक दुसरी जातही असते. जेमतेम छत्तीस माणसांची, दोन-तीन मजल्यांची, रोज एका बेटाला लागणारी. अशा एका छोट्या बोटीतून सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही तिघी सात रात्री भूमध्य समुद्राच्या एका कुशीत फिरलो. ती कुशी म्हणजे एड्रियाटिक समुद्र आणि देश क्रोएशिया.

तिघी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, त्यांची सून आणि मी. वन्सं साठीच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा-सून जर्मनीत असतात. सुनेला चार दिवसांची रजा जोडून मिळाली आणि तिने फोनवरच सांगून टाकलं, ‘‘आई, मामी, आपण तिघीच जाऊ. पुरुषांना राहू दे घरी.’’ वन्संचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. त्यानंतर वन्सं घर, अंगण आणि पेन्शनची बँक एवढ्यातच फिरत होत्या. त्यामुळे ही बातमी कळल्यावर नातेवाइकांत कुजबुज झालीच. ‘या वयात? बोटीने? आणि तेही अशा परिस्थितीत?’ ‘अशा परिस्थितीत’ म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना कळतं. वन्संनी कुणाशी वाद घातला नाही. स्वतःची एक ठेव मोडली आणि पैसे भरले. मला म्हणाल्या, ‘‘अगं, तीस वर्षं पोरांना नकाशावर बोट ठेवून भूमध्य समुद्र दाखवला. आता एकदा बोटीत पाय ठेवून बघते.’’

माझ्या तिकिटाला भिशीचे पैसे होते आणि उरलेली भर नवऱ्याने घातली. आमच्या कराडला समुद्र नाही. कृष्णा-कोयनेच्या संगमावर होडीत बसण्याइतकाच आमचा जलप्रवास. त्यामुळे बॅग भरताना कपड्यांपेक्षा बोट लागण्याच्या गोळ्याच मी जास्त मोजत होते.

मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून स्प्लिट. स्प्लिट हे क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावरचं मोठं शहर. आमची बोट संध्याकाळी सुटायची होती, म्हणून दिवसभर शहर पाहिलं. या शहराची गंमत म्हणजे त्याचा जुना भाग एका राजवाड्याच्या आत वसलेला आहे. डायोक्लेशन नावाचा रोमन सम्राट इसवी सन ३०५ मध्ये आपण होऊन गादीवरून उतरला आणि आपल्या जन्मगावाजवळ, समुद्रकाठी बांधलेल्या या प्रचंड वाड्यात राहायला आला. गोष्ट अशी सांगतात, की पुन्हा राज्य हातात घ्या म्हणून लोक विनवायला आले, तेव्हा त्याने त्यांना आपण लावलेल्या कोबीचं कौतुक ऐकवलं. निवृत्तीनंतर परसबाग करणारा सम्राट! वन्संना तो एकदम आवडला.

पुढे सातव्या शतकात शेजारच्या सलोना शहरावर हल्ले झाले आणि तिथली माणसं जीव वाचवायला या वाड्यात शिरली. ती राहिलीच. आज सतराशे वर्षांनंतरही लोक तिथे राहतात. रोमन कमानीखाली एखादी आजी खुर्ची टाकून शेंगा निवडत बसलेली असते आणि दोन खांबांच्या मध्ये दोरीवर चादरी वाळत असतात. वाड्याची तळघरं तर वरच्या लोकांनी शतकानुशतकं केरकचरा टाकून भरून टाकली होती. त्या कचऱ्यामुळेच ती जशीच्या तशी टिकली! आता ती साफ केली आहेत आणि वरचे महाल कसे असतील याचा अंदाज तळघरांवरून येतो. भर चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स बसलेला आहे. त्याचं वय साडेतीन हजार वर्षं.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केला. दोम्निउस नावाच्या बिशपला त्याच्याच काळात मारण्यात आलं. पुढे सम्राटाच्या थडग्यासाठी बांधलेल्या इमारतीचंच चर्च झालं आणि ते त्या बिशपच्या नावाने ओळखलं जातं. सम्राटाचं शव कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही. वन्सं म्हणाल्या, ‘‘बघ, देवाघरी देर असते.’’

वाड्याच्या पूर्वेच्या भिंतीला लागून भाजीबाजार भरतो. तिथे आम्हाला पहिलं पोटभर शाकाहारी खाणं मिळालं. सोपार्निक नावाचा प्रकार. मैद्याच्या दोन मोठ्या पातळ पोळ्या, मध्ये चिरलेल्या पालेभाजीचं सारण, कांदा, मीठ. चुलीवर निखाऱ्यांच्या राखेखाली भाजायचं आणि वरून लसूण घातलेलं ऑलिव्हचं तेल चोपडायचं. स्प्लिटजवळच्या पोलित्सा भागातल्या गरीब शेतकरी घरांचं हे उपासाच्या दिवसांतलं जेवण. आता त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. विकणारी बाई चौकोनी तुकडे कापून कागदात देत होती. आपल्या भाजीच्या पराठ्याची लांबची बहीणच!

संध्याकाळी बोटीवर चढलो. वीस खोल्याही नाहीत. आमची खोली खालच्या मजल्यावर, दोन पलंग, एक छोटं मोरीघर, आणि गोल खिडकीतून अगदी नाकासमोर पाणी. वर जेवणाची खोली, त्यावर उन्हात बसायचा मोकळा डेक. या किनाऱ्यावरच्या अशा बऱ्याच बोटी स्प्लिटजवळच्या क्रिलो नावाच्या छोट्या गावातल्या कुटुंबांच्या आहेत. त्यांचे आजे-पणजे बोटीतून माल वाहायचे, आता नातवंडं पाहुणे नेतात. आमचा कॅप्टनही तसाच. त्याचा भाऊ इंजिन बघायचा आणि हिशेब बायको किनाऱ्यावरून सांभाळायची. निघायच्या दिवशी ती स्वतः येऊन यादी तपासून गेली. आमच्या नावांसमोर तिने ‘शाकाहारी’ असं दोनदा अधोरेखित केलेलं मी पाहिलं आणि निर्धास्त झाले.

बोटीवरचा दिवस ठरलेला. सकाळी नाश्ता, मग बोट सुटणार. अकराच्या सुमाराला एखाद्या निर्जन खाडीत नांगर टाकणार, ज्यांना पोहायचं ते थेट समुद्रात उतरणार. मग दुपारचं जेवण, आणि तीन-चारच्या सुमाराला पुढचं बेट. रात्रीचं जेवण आपलं आपण गावात जाऊन करायचं. रात्री बोट बंदरातच उभी. मोठ्या क्रूझ बोटींना या छोट्या बंदरांत शिरताच येत नाही. त्या लांब उभ्या राहतात. आमची बोट मात्र गावाच्या ओट्यालाच टेकायची, म्हणजे उतरलं की चार पावलांवर चर्च, दुकान, विहीर. यात एक मजाही असते. धक्क्याला जागा कमी, बोटी जास्त. मग एकीला चिकटून दुसरी, दुसरीला चिकटून तिसरी अशा बोटी उभ्या करतात. सर्वांत बाहेरची बोट आपली असेल, तर तीन परक्या बोटींच्या डेकवरून, तिथल्या लोकांना ‘गुड इव्हिनिंग’ करत किनाऱ्यावर जायचं! पहिल्या दिवशी वन्सं साडीत होत्या. दोन बोटींमधली फट बघून त्या थबकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुनेने आणलेला पंजाबी ड्रेस आणि बूट घालून वर आल्या, ते शेवटपर्यंत.

पहिलं बेट ब्राच. इथला पांढरा दगड प्रसिद्ध. डायोक्लेशनच्या वाड्यालाही तो वापरला होता. बेटावर आजही दगडकामाची शाळा आहे आणि मुलं-मुली छिन्नी-हातोडी घेऊन ते शिकतात. तिथेच बोल गावाजवळ समुद्रात जिभेसारखी घुसलेली खड्यांची पुळण आहे. वारा आणि प्रवाह बदलला की तिचं टोक कधी इकडे वळतं, कधी तिकडे.

दुसऱ्या दिवशी ह्वार. या बेटासाठी मी सगळा प्रवास पुन्हा करीन. डोंगरउतारावर लव्हेंडरची शेती, द्राक्षं, ऑलिव्ह, आणि मैलोन्‌मैल कोरड्या दगडांचे बांध. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. ही कला युनेस्कोने २०१८ मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. पण त्यातले कितीतरी बांध आता ओस आहेत. आमच्या बोटीवर ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी कारण सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी द्राक्षाच्या मुळांना कीड लागली आणि दाल्मेशियातले मळेच्या मळे वाळले. पुरुष जहाजं पकडून दक्षिण अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला गेले. बायका मागे राहिल्या. या बाईंचे आजोबा गेले आणि आजी नऊ वर्षांनी दोन मुलांना घेऊन त्यांच्यामागे निघाली. ‘‘नऊ वर्षं ती काय करत होती?’’ मी विचारलं. त्यांनी समोरच्या बांधांकडे हात केला. बोटभर फोटोत नसलेली ती आजी मला त्या डोंगरावर दिसायला लागली. मुंबईला गेलेल्या नवऱ्याच्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून शेत कसणाऱ्या बायका आपल्याकडे काय कमी झाल्या?

ह्वार गावात बेनेडिक्टाइन जोगिणींचा एक मठ आहे. त्या बाहेर येत नाहीत, आयुष्य चार भिंतींत. आणि तिथे त्या लेस विणतात. कशाची? तर घायपाताची! आपल्या शेताच्या बांधावर असतं ना, तलवारीसारख्या काटेरी पात्यांचं, ज्याचा वाख काढून दोर वळतात, तेच कूळ. पातं आणायचं, त्यातून केसासारखा तंतू काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि त्या तंतूने जाळी विणायची. आधी नक्षी काढून घेत नाहीत, प्रत्येकीची लेस वेगळी. ही कला एकोणिसाव्या शतकात दूरच्या कॅनरी बेटांवरून इथे आली असं सांगतात, आणि गावात ती फक्त या मठातच टिकली आहे. २००९ मध्ये क्रोएशियाची लेस युनेस्कोच्या यादीत गेली, त्यात पाग, लेपोग्लावा आणि ह्वार अशी तीन ठिकाणं आहेत.

मठाच्या छोट्या संग्रहालयात काचेखाली ती लेस पाहिली. कोळ्याचं जाळं दवात भिजावं तशी. वन्संनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. ‘‘आमच्या बांधावरच्या घायपाताला आम्ही फक्त शेळ्या अडवायला ठेवलं,’’ त्या म्हणाल्या. विणणाऱ्या जोगिणी आता मोजक्याच उरल्या आहेत. नव्या मुली मठात येत नाहीत आणि मठाबाहेर ही कला रुजली नाही. मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. ज्या कलेचं मोल एवढं, ती शिकवायला शिष्याच नाही! आपल्याकडेही गोधडीचे टाके, रुखवताच्या कला अशाच एका पिढीवर येऊन थांबल्या आहेत. यादीत नाव गेलं म्हणून कला वाचत नाही, तिला हात लागतात.

त्याच बेटावर स्तारी ग्राद नावाचं गाव आहे. बसने डोंगर ओलांडून गेलो. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये ग्रीसच्या पारोस बेटावरून लोक इथे आले आणि त्यांनी सपाट जमिनीची मोजणी करून लांबट चौकोनी तुकडे पाडले. चोवीसशे वर्षं झाली, ते तुकडे, त्यांच्या मधल्या वाटा आणि बांध जवळपास तसेच आहेत आणि त्यांत आजही द्राक्षं आणि ऑलिव्हच पिकतात. युनेस्कोने २००८ मध्ये हे शेत, होय, शेतच, जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. चोवीसशे वर्षांचा सातबारा! मी आपली सवयीने विचारलं, ‘‘बायकांच्या नावावर किती?’’ सुनेने भाषांतर केलं तेव्हा वाट दाखवणारी तरुण मुलगी हसत सुटली. म्हणाली, ‘‘माझी आजी हेच विचारायची.’’

ह्वारच्या चौकात एक जुनं नाट्यगृह आहे, १६१२ सालचं. त्या आधी शंभर वर्षं या बेटावर सरदार आणि सामान्य लोक यांच्यात रक्तपात झाला होता. १५१० पासून चार वर्षं बंड चाललं. पुढे समेट झाला आणि सगळ्या थरांतल्या लोकांना एका छताखाली बसून नाटक बघता यावं असं हे नाट्यगृह उभं राहिलं. आपण महाराष्ट्रातली माणसं नाटकवेडी, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवेना.

चौथ्या दिवशी कोर्चुला. इथे वाऱ्यांचं शास्त्र कळलं. ईशान्येकडून येणारा बोचरा ‘बुरा’, दक्षिणेचा दमट ‘युगो’ आणि उन्हाळ्यात दुपारी सुटणारा सुखद ‘मायस्त्राल’. युगो सुटला की इथल्या लोकांचं डोकं धरतं. जुन्या काळी दुब्रोवनिकमध्ये युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत असंही म्हणतात. आमच्या तिघींची तब्येत बिघडली ती युगोच्याच दिवशी. गोळी, आल्याचा तुकडा आणि डेकवर क्षितिजाकडे बघत बसणं, या तीन गोष्टींनी निभावलं. कोर्चुलाचं जुनं गाव वरून पाहिलं तर माशाच्या सांगाड्यासारखं दिसतं. मधे एक कणा आणि दोन्ही बाजूंना गल्ल्या. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ, म्हणजे मायस्त्राल आत यावा. पूर्वेच्या गल्ल्या वळणाच्या, म्हणजे बुरा घुसू नये. सातशे वर्षांपूर्वीच्या लोकांना पंख्याविना घर गार ठेवायची अक्कल होती.

मार्को पोलो इथलाच, असा कोर्चुलाकरांचा दावा आहे आणि त्याचं घर म्हणून एक घर दाखवतातही. व्हेनिसवाले अर्थातच ते मानत नाहीत. १२९८ मध्ये या बेटाजवळ व्हेनिस आणि जिनोव्हा यांची मोठी आरमारी लढाई झाली. त्यातच तो पकडला गेला असं परंपरा सांगते. जिनोव्हाच्या तुरुंगात त्याने सोबतच्या कैद्याला आपल्या प्रवासाच्या हकिगती सांगितल्या आणि त्याचं पुस्तक झालं. त्या पुस्तकात आपल्या ठाण्याचंही वर्णन आहे बरं का! तिथला कापूस, कातडं आणि समुद्रातले चाचे. ‘‘म्हणजे यांच्या माणसाने आपलं ठाणं पाहिलं, त्याची फेड आपण आज करतोय,’’ वन्सं म्हणाल्या. त्यांच्यातली बाई जागी झाली होती. शाळेतली, म्हणते मी.

त्या संध्याकाळी ‘मोरेश्का’ हा तलवारींचा नाच पाहिला. गोरा राजा आणि काळा राजा एका बुरख्यातल्या राजकन्येसाठी लढतात. तलवारींच्या ठिणग्या उडतात, ढोल वाजतात. सगळ्या नाचात बाई एकच, आणि तिला सुरुवातीला चार वाक्यं. मग पुरुष लढतात आणि ती बाजूला उभी. सून कानात कुजबुजली, ‘‘मामी, तिला कुणी विचारलं का, तुला कोण हवाय?’’ खरं तर तिची चार वाक्यं तेच सांगत असतात. पण ऐकतं कोण!

मल्येत हे पुढचं बेट म्हणजे नुसतं रान. १९६० पासून राष्ट्रीय उद्यान. आत दोन खाऱ्या पाण्याची तळी, तळ्यात एक टिकली एवढं बेट आणि त्यावर बाराव्या शतकातला मठ. झाडीत काहीतरी सुळकन पळालं. मी म्हटलं, मुंगूस! आणि खरंच मुंगूस होतं, तेही भारतीय कुळातलं. या बेटावर विषारी सापांचा सुळसुळाट होता, म्हणून १९१० मध्ये मुंगसं आणून सोडली. त्यांनी साप कमी केले, पण मग पक्ष्यांची अंडी आणि कोंबड्यांवर ताव मारायला सुरुवात केली. आता तीच डोकेदुखी होऊन बसली आहेत. परक्या मुलुखात आपलं मुंगूस दिसलं म्हणून आम्ही शुभशकुन मानला, उद्यानवाल्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटचा मुक्काम दुब्रोवनिक. जवळजवळ दोन किलोमीटर तटबंदी, आत संगमरवरासारखा गुळगुळीत झालेला दगडी रस्ता. हे शहर १३५८ पासून १८०८ पर्यंत छोटंसं प्रजासत्ताक म्हणून जगलं, नेपोलियनच्या सैन्याने ते संपवलं. व्यापारावर आणि मुत्सद्देगिरीवर तगलेलं शहर. १४१६ मध्येच त्यांनी गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला होता. इथल्या रक्षणकर्त्या संताचं नाव सेंट ब्लेझ. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीत याच संताचं, साव ब्रासचं, चर्च आहे. सोळाव्या शतकात दुब्रोवनिकचे व्यापारी तिथे राहत होते, असं क्रोएशियातले अभ्यासक सांगतात.

समाजकार्यात असल्यामुळे मला इथली एक जागा बघायचीच होती. १४३२ मध्ये या शहराने टाकून दिलेल्या बाळांसाठी घर उघडलं, सेंट क्लेअरच्या मठाजवळ. आईने बाळ आणून ठेवायचं, तिला कुणी नाव विचारायचं नाही. आपल्याकडे जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, त्याच्या चारशे वर्षं आधी. बाईची अडचण सगळ्या किनाऱ्यांवर सारखीच असते, आणि तिला दार उघडून देणारी माणसंही कुठे ना कुठे असतात.

मग तटाबाहेरच्या लाझारेती नावाच्या इमारतींपाशी गेलो. समुद्राला लागून दगडी खोल्यांची रांग. १३७७ मध्ये प्लेगच्या भीतीने दुब्रोवनिकने जगात पहिल्यांदा कायदा केला, की साथीच्या मुलुखातून येणाऱ्याने शहरात शिरण्यापूर्वी तीस दिवस वेगळं राहायचं. पुढे इतर शहरांनी ते चाळीस केले. इटालियन भाषेत चाळीसला क्वारांता म्हणतात, त्यावरून क्वारंटाइन. या खोल्या नंतरच्या, सतराव्या शतकातल्या. वाट दाखवणारी मुलगी हे सांगत असताना वन्सं एकाएकी पायरीवर बसल्या.

२०२१ मध्ये त्या गावातल्या शाळेत विलगीकरणात होत्या आणि भाऊजी तालुक्याच्या दवाखान्यात. सातव्या दिवशी फोन आला. चेहरा दिसला नाही, अंत्यसंस्कार दुसऱ्यांनीच केले. या गोष्टीबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. तिथे त्यांनी त्या मुलीला, सुनेकरवी, एकच प्रश्न विचारला, ‘‘आत असलेल्या माणसांना घरची माणसं भेटत होती का?’’ मुलगी म्हणाली, पहारे असायचे, नियम मोडला तर शिक्षा व्हायची. वन्सं बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मला वाटायचं, असं फक्त माझ्याच वाट्याला आलं. सहाशे वर्षं बायका अशा दाराबाहेर बसल्यात तर.’’ सुनेने त्यांचा हात धरला. मी काही बोलले नाही. असं दुःख हलकं करायला शब्द पुरत नाहीत, पण ते एकटीचं नाही एवढं कळलं तरी माणूस उठून उभं राहतं. वन्सं उठल्या आणि तटावर चढायचं म्हणाल्या.

तटावरून खाली शहराची लाल कौलं दिसतात. काही फिकट, जुनी. बरीचशी लालभडक, नवी. ही नवी कौलं म्हणजे युद्धाच्या खुणा. १९९१ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्ह सैन्याने या शहराला वेढा घातला. पाणी नाही, वीज नाही. ६ डिसेंबर १९९१ ला सर्वांत भीषण तोफमारा झाला. बाजारात संत्र्याच्या साली पाकवून विकणारी एक बाई आम्हाला जर्मनमध्ये सांगत होती, की तेव्हा ती दहा वर्षांची होती, आई समुद्राच्या पाण्याने भांडी घासायची आणि प्यायचं पाणी मापाने मिळायचं. आता तिची तक्रार वेगळी. तटाच्या आत १९९१ मध्ये सुमारे पाच हजार माणसं राहायची. २०१६ च्या सुमाराला ती दीड हजारांवर आली. घरांची झाली पाहुण्यांची भाड्याची घरं. शेजारी नाही, वाणी नाही, शाळेत मुलं कमी. मोठ्या क्रूझ बोटी एकदम हजारो माणसं ओततात, ती चार तास गर्दी करतात आणि जेवायला परत बोटीवर. म्हणून शहराने २०१९ पासून एका वेळी दोनच मोठ्या बोटींना परवानगी द्यायचं ठरवलं. ‘‘तुमच्या छोट्या बोटीवाले निदान रात्री आमच्या गावात जेवतात,’’ ती म्हणाली. आम्ही तिच्याकडून दोन पुड्या जास्त घेतल्या!

आता ज्यांना जावंसं वाटतंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन देशांत आहे आणि तिथे युरो चालतो, म्हणजे एकाच शेंगेन व्हिसावर शेजारचे देशही होतात. व्हिसाची फी ९० युरो, शिवाय तीस हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. बोटीचं भाडं आठवड्याला माणशी साधारण हजार ते दोन हजार युरो, बोटीच्या दर्जाप्रमाणे वरही. खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त पडते, मात्र जिने उभे असतात, गुडघ्यांचा विचार करा. बंदराचा कर आणि पिण्याचे पदार्थ बहुधा वेगळे. मे-जून किंवा सप्टेंबर बरा, जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही फार. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. पाव, चीज, भाज्या, पास्ता, आणि ‘ब्लिट्वा’ ही बटाटा घातलेली पालेभाजी सगळीकडे मिळते. तरी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी जवळ असू द्या. पायात घट्ट बसणारे बूट हवेतच. आणि पैसे भरण्याआधी काय काय धरलंय, काय नाही, ते लेखी घ्या.

परत आल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी फोटो दाखवले. बायकांनी काय विचारलं? ‘इतके दिवस घरी स्वयंपाक कुणी केला?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, त्या घायपाताच्या लेसचा. फोटो मोठा करून करून पाहिला आणि एकीने बांधावरचं पातं आणून वाख काढून बघायचं कबूल केलं. तिसरा प्रश्न मात्र सर्वांत जुन्या सभासदाचा, ज्या कधी तालुक्याबाहेर गेल्या नव्हत्या. ‘‘बाई, समुद्र बघायला किती पैसे लागतात?’’ तिथल्या तिथे वही काढली. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये वेगळे काढायचे आणि मुरुडला जायचं ठरलं, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा बघायला. जाण्याआधी नकाशा समजावून सांगायला वन्सं येणार आहेत. त्यांनी फोनवर विचारलं, किती जणी आहेत. मी म्हटलं, सध्या एकवीस. म्हणाल्या, ‘‘माझं नाव बाविसावं लिही. आणि हो, होडीत साडी नेसून येऊ नका म्हणावं.’’